दहाव्या वर्षीचा लेफ्टनंट

जर्मनीचा शेवटचा सम्राट, कैसर दुसरा विल्हेल्म याच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण त्याच्या डाव्या हातापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकून पडतात. २७ जानेवारी १८५९ रोजी बर्लिनमध्ये तो जन्मला तो पायाळू. ओढाताणीत खांद्याजवळचे मज्जातंतू दुखावले आणि तो हात पुढे कायमचा लुळा, सुमारे पंधरा सेंटिमीटर आखूड राहिला. (आपल्याकडे पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी दिसतं म्हणतात, प्रशियाच्या राजघराण्यात असा काही दिलासा नव्हता.) उपाय म्हणून नुकत्याच मारलेल्या सशाच्या उबेत हात ठेवणं झालं, विजेचे झटके झाले. पुढे छायाचित्रांत तो हात एक तर हातमोजे धरून असतो, नाही तर तलवारीच्या मुठीवर टेकवलेला. एमिल लुडविगने १९२५ च्या चरित्रात या व्यंगातूनच सगळा स्वभाव उलगडून दाखवला. फ्रॉइडने १९३३ मध्ये त्याला हरकत घेतली: दोष हाताचा नव्हे, व्यंग दिसताच माया आखडती घेणाऱ्या आईचा. मला दोन्ही निदानं अपुरी वाटतात. हाताने किंवा आईने फार तर माणूस चिडका होईल. साऱ्या युरोपला धाक घालणारा, पण ऐन वेळी काय करावं हे न कळणारा सेनापती त्यातून तयार होत नाही. त्यासाठी लागलं ते त्याला मिळालेलं सैनिकी शिक्षण. अधिक नेमकं सांगायचं तर, शिक्षण म्हणून त्याच्या अंगावर चढवलेला गणवेश.

दहाव्या वाढदिवशी, १८६९ मध्ये, तो पहिल्या पायदळ गार्ड रेजिमेंटचा लेफ्टनंट झाला. यावर लगेच आक्षेप येईल की होहेनझोलर्न घराण्यातल्या प्रत्येक राजपुत्राच्या नशिबी हेच होतं. खरं आहे. त्याचे आजोबा पहिले विल्हेल्म १८०७ मध्ये असेच पोरवयात अधिकारी झाले, वडील फ्रेडरिकही. पण आजोबांनी सतरावं वर्ष पुरं व्हायच्या आत १८१४ मध्ये बार-स्युर-ओब इथे नेपोलियनच्या फौजेचा गोळीबार अनुभवला. वडिलांची सेना १८६६ मध्ये ऑस्ट्रियाविरुद्ध केनिगग्रेट्झच्या रणात दुपारी येऊन पोचली आणि लढाईचं पारडं फिरलं. त्यांच्या पोरवयातल्या पदव्यांना पुढे युद्धाने अर्थ दिला. नातवाने मात्र १८७१ मध्ये बारा वर्षांचा असताना फ्रान्सवरच्या विजयाची बर्लिनमधली मिरवणूक तट्टावर बसून पाहिली आणि त्याच्या मनात युद्धाचं तेच रूप ठसलं.

शिक्षक गेऑर्ग हिन्झपेटर कर्मठ कॅल्विनपंथी. रिकिबी काढून पोराला घोड्यावर बसवायचं, तो पडला की रडत असतानाच पुन्हा बसवायचं, ही त्यांची पद्धत. तोल सावरायला एकच हात असलेल्या मुलाच्या बाबतीत ही क्रूरताच होती, पण ती फळली. तो उत्तम घोडेस्वार झाला. माझ्या मते या सगळ्या शिक्षणात मनापासून शिकवलेली गोष्ट ही एवढीच. पुढे कासेलच्या शाळेत तो सामान्य मुलांबरोबर बसला आणि सतरा जणांत दहावा आला. त्याने शाळा संपवली तो १८७७ चा जानेवारी. त्याच महिन्याच्या एक तारखेला दिल्लीत त्याची आजी व्हिक्टोरिया ‘कैसर-ए-हिंद’ म्हणून जाहीर झाली होती. मग बॉनला चार सत्रं, आणि तिथून पॉट्सडॅमची रेजिमेंट. तिथे आपल्याला घर सापडलं असं तो सांगे, आणि ते पटतं, कारण मेसमध्ये कोणी त्याला चूक म्हणत नव्हतं. १८८० मध्ये कॅप्टन, १८८५ मध्ये हुसार रेजिमेंटचा प्रमुख, १८८८ च्या जानेवारीत मेजर जनरल. खुद्द वडिलांनी १८८६ मध्ये बिस्मार्कला लिहून कळवलं होतं की मुलगा अपरिपक्व आहे, घाईने मत बनवतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शांततेचा काळच होता, त्याला तो काय करणार? पण पहिल्या महायुद्धातला जर्मन सेनापती लुडेनडॉर्फ यानेही १९१४ पूर्वी एकही युद्ध पाहिलं नव्हतं. फरक असा की तो बर्लिनच्या युद्ध अकादमीतून तावून सुलाखून निघाला होता. तिथे नकाशावरच्या चुकीलाही जाब द्यावा लागे. विल्हेल्मला रेजिमेंट मिळाली, अकादमी नाही. कवायत मिळाली, रसद आणि रेल्वेची वेळापत्रकं नाहीत. आणि १८७१ च्या राज्यघटनेचं ६३ वं कलम तर शांततेत नि युद्धात सगळ्या सेनेचं आधिपत्य त्याच्याच हाती देत होतं. १५ जून १८८८ रोजी गादीवर येताच त्याचं पहिलं निवेदन सेनेसाठी निघालं; जनतेची पाळी तीन दिवसांनी आली.

परिणाम युद्धसरावांत दिसले. १८९० च्या सरावात जनरल स्टाफचा प्रमुख वाल्डरझे याने सम्राटाच्या डावपेचांतल्या चुका उघड दाखवल्या. पुढच्या फेब्रुवारीत त्याची बदली झाली. त्याच्या जागी आलेला श्लीफेन शहाणा निघाला, तो सम्राटाला जिंकू देई. सम्राट घोडदळाचा प्रचंड हल्ला घेऊन येई आणि जिंके. खऱ्या तोफांपुढे त्या घोड्यांचं काय झालं असतं, हे मैदानावरच्या प्रत्येक अधिकाऱ्याला कळत होतं. श्लीफेननंतर धाकट्या मोल्टकेने हे पद स्वीकारताना सम्राटाने सरावात ढवळाढवळ करू नये अशी अटच घातली, आणि ती मान्य झाली यातच सगळं आलं.

१ ऑगस्ट १९१४. ब्रिटन कदाचित तटस्थ राहील अशी बातमी लंडनहून आली आणि कैसरने हुकूम सोडला: फ्रान्सकडे निघालेली सगळी फौज पूर्वेला, रशियाकडे वळवा. मोल्टके म्हणाला, लाखोंच्या सैन्याची हालचाल अशी ऐन वेळी बदलता येत नाही. तुझ्या काकांनी (म्हणजे थोरल्या मोल्टकेने) मला वेगळं उत्तर दिलं असतं, असं कैसरने त्याला सुनावलं. रात्री लंडनहून दुसरी तार आली, पहिली बातमी फोल ठरवणारी. अंथरुणातून उठून, झोपायच्या कपड्यांवर घाईने कोट चढवून, त्याने ती तार मोल्टकेच्या हाती दिली आणि आता तुला हवं ते कर, असं सांगून मोकळा झाला.