एका मिनिटाच्या निवेदनाचा जमाखर्च

१८ जानेवारी २००५. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या डोव्हर या छोट्या गावातील सरकारी शाळेत नववीचा जीवशास्त्राचा वर्ग भरलेला होता. शिक्षक उठून वर्गाबाहेर गेले. काही विद्यार्थीही गेले. मग शाळा प्रशासनातील वरिष्ठ अधिकारी आत आले आणि त्यांनी एक निवेदन वाचून दाखविले. वाचनास फार तर एक मिनिट लागले असेल. प्रश्न विचारण्यास परवानगी नव्हती. अधिकारी निघून गेले, शिक्षक परतले आणि पाठ पुढे सुरू झाला.

या एका मिनिटासाठी डोव्हरच्या करदात्यांना पुढे १०,००,०११ डॉलर मोजावे लागले. दहा लक्षांवरचे ते अकरा डॉलर कशाचे, हे यथाक्रम येईलच.

निवेदनातील मजकूर वरकरणी निरुपद्रवी होता. राज्याच्या नियमानुसार डार्विनचा सिद्धांत शिकविला जाईल. परंतु तो केवळ सिद्धांत आहे, वस्तुस्थिती नव्हे. त्यात उणिवा आहेत. 'बुद्धिमान रचना' नावाचे जीवोत्पत्तीचे एक निराळे स्पष्टीकरणही उपलब्ध आहे आणि त्यावरील एक ग्रंथ जिज्ञासूंसाठी ठेवला आहे. विद्यार्थ्यांनी मन मोकळे ठेवावे, असा त्याचा आशय. मन मोकळे ठेवण्यास कोण नको म्हणेल?

येथे एका शब्दाची गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. इंग्रजीत 'थिअरी' हा शब्द प्रयोगशाळेत एका अर्थाने चालतो आणि बाजारात दुसऱ्या. बाजारात त्याचा अर्थ अटकळ. विज्ञानात मात्र असंख्य निरीक्षणांना एका सूत्रात गुंफणारे आणि वारंवार कसोटीस उतरलेले स्पष्टीकरण म्हणजे थिअरी. मराठीने यासाठी 'सिद्धांत' हा शब्द घेतला आणि त्यातच 'सिद्ध' येऊन बसले. 'तो केवळ सिद्धांत आहे' हे वाक्य मराठी कानाला विचित्र वाटते ते त्यामुळेच. डोव्हरचे निवेदन या दोन अर्थांमधल्या फटीत उभे होते.

अमेरिकेत सरकारी शाळा चालविते ते स्थानिक शाळा मंडळ. डोव्हरच्या मंडळात नऊ सदस्य होते. ते लोकांनी निवडून दिलेले आणि बिनपगारी. शाळेचा मोठा खर्च गावकऱ्यांच्या घरांवरील व जमिनींवरील करातून भागतो. त्यामुळे आमच्या पैशाने चालणाऱ्या शाळेत आमच्या श्रद्धेचे थोडे तरी प्रतिबिंब का नसावे, असा प्रश्न बहुसंख्याकांच्या मनात उद्भवणे स्वाभाविक आहे. तो प्रश्न मूर्खपणाचा म्हणून झटकून टाकता येत नाही. अडचण एवढीच, की त्याच करात शेजारच्या घराचाही वाटा असतो आणि त्या घराची श्रद्धा निराळी असू शकते.

हा वाद तेथे जुनाच. १९२५ मध्ये टेनेसी राज्याने उत्क्रांती शिकविण्यास बंदी करणारा कायदा केला आणि त्याच वर्षी डेटन येथे जॉन स्कोप्स या शिक्षकास १०० डॉलर दंड झाला. दंडाची रक्कम ज्यूरीने ठरवायची ती न्यायाधीशाने ठरविली, या तांत्रिक कारणावरून तो निकाल पुढे रद्द झाला. कायदा मात्र १९६७ पर्यंत टिकला. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आर्कान्सा राज्याची अशी बंदी घटनाबाह्य ठरविली. मग रीत बदलली. उत्क्रांतीवर बंदी नको, परंतु तिच्या बरोबरीने बायबलमधील निर्मितिकथेशी जुळणारे 'निर्मितिविज्ञान'ही शिकवा, अशी मागणी पुढे आली. लुइझियाना राज्याने तसा कायदाही केला. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोही फेटाळला, कारण अमेरिकेच्या घटनेतील पहिली दुरुस्ती शासनाला कोणत्याही धर्माची प्रस्थापना करू देत नाही. 'बुद्धिमान रचना' हे नाव शालेय वादात ठळकपणे पुढे आले ते त्यानंतर. प्राणिमात्रांची घडण इतकी गुंतागुंतीची आहे, की ती कोणा बुद्धिमान रचनाकाराविना संभवत नाही, असे हे प्रतिपादन. रचनाकार कोण, याविषयी मात्र मौन.

१८ ऑक्टोबर २००४ रोजी डोव्हरच्या मंडळाने सहा विरुद्ध तीन मतांनी या विचाराला वर्गाचे दार उघडून दिले. विरोधात मत देणाऱ्यांपैकी दोघांनी, ते पतिपत्नी होते, त्याच रात्री राजीनामे दिले. विज्ञान शिक्षकांनी निवेदन वाचण्यास लेखी नकार दिला. विद्यार्थ्यांसमोर विषयाचे चुकीचे चित्र उभे करणे आपल्या व्यावसायिक आचारसंहितेत बसत नाही, असे त्यांनी कळविले. म्हणून अधिकाऱ्यांना वर्गात यावे लागले. डिसेंबरमध्ये अकरा पालकांनी फेडरल न्यायालयात दावा दाखल केला होताच. 'किट्झमिलर विरुद्ध डोव्हर' या नावाने तो ओळखला जातो.

हा दावा श्रद्धावंत विरुद्ध नास्तिक असा होता, हा समज चुकीचा आहे. पालकांमध्ये नियमाने चर्चला जाणारी माणसे होती. त्यांच्या बाजूचे पहिले साक्षीदार केनेथ मिलर हे जीवशास्त्राचे प्राध्यापक स्वतः श्रद्धाळू कॅथलिक, आणि डोव्हरच्या वर्गात जे पाठ्यपुस्तक होते त्याचे सहलेखकही तेच. जॉन हॉट या कॅथलिक ईश्वरशास्त्रज्ञानेही पालकांच्याच बाजूने साक्ष दिली. घरी आपण मुलांना काय शिकवावे हा अधिकार आपला. शाळेने तो आपल्या हातातून घेऊ नये, ही पालकांची भूमिका होती.

सप्टेंबर ते नोव्हेंबर २००५ हॅरिसबर्ग येथे सुनावणी चालली. मंडळातर्फे साक्ष देणारे जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही यांनी वैज्ञानिक सिद्धांताची आपली व्याख्या मांडली. उलटतपासणीत त्यांना मान्य करावे लागले, की त्या व्याख्येत फलज्योतिषही बसेल. परंतु खटल्याचा खरा कणा होता तो त्या संदर्भग्रंथाचे जुने मसुदे. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक बार्बरा फॉरेस्ट यांनी ते न्यायालयापुढे तपासून दाखविले. १९८७ च्या निकालापूर्वीच्या मसुद्यांत जेथे जेथे 'निर्मिती' आणि 'निर्मितिवादी' हे शब्द होते, तेथे निकालानंतरच्या मसुद्यात 'बुद्धिमान रचना' आणि 'रचनेचे पुरस्कर्ते' असे शब्द घातले होते. सुमारे दीडशे ठिकाणी हा बदल झाला होता. व्याख्या मात्र जवळजवळ तीच राहिली. एके ठिकाणी तर घाईत जुना शब्द पुरता खोडला गेला नाही आणि नव्या शब्दाच्या दोन्ही अंगांना जुन्याचे तुकडे चिकटून राहिले. ज्यांनी आयुष्यभर वह्या तपासल्या आहेत त्यांना हे लगेच उमगेल. रक्कम तीच ठेवून खात्याचे नाव तेवढे बदलले, की पहिली शंका येते ती त्या बदलाच्या तारखेवरून.

शंकेला पावतीही मिळाली. त्या ग्रंथाच्या साठ प्रती शाळेला 'अज्ञात दात्याकडून' आल्या होत्या. मंडळाच्या एका सदस्याने आपल्या चर्चमध्ये त्यासाठी निधी गोळा केला होता आणि ८५० डॉलरांचा धनादेश दुसऱ्या सदस्याच्या वडिलांच्या नावे काढला होता. जबानीत या गोष्टी उघड झाल्या नव्हत्या. सुनावणीत तो धनादेश पुढे आला. न्यायाधीश जॉन जोन्स यांनी एका सदस्यास स्वतःच खोदून प्रश्न विचारले. धर्माची बाजू घेणारी माणसे शपथेवर सत्य लपवितात, याची बोचरी नोंद त्यांनी निकालपत्रात केली आहे.

येथे जैन वाचकाच्या मनात एक प्रश्न येईल. दोन्ही बाजू सांगा, विद्यार्थ्यांना ठरवू द्या, ही मागणी तर अनेकांताला धरूनच नाही काय? राष्ट्राध्यक्ष बुश यांनीही ऑगस्ट २००५ मध्ये दोन्ही विचार शिकविले जावेत असेच मत दिले होते. ऐकायला ते उदार वाटते. परंतु वस्तू अनंतधर्मात्मक आहे असे सांगणारा अनेकांत प्रत्येक विधानाला त्याचा नयही विचारतो. हे कोणत्या दृष्टीने, कोणत्या अपेक्षेने म्हटले आहे, ते आधी सांगा, असा त्याचा आग्रह असतो. 'स्यात्' हा शब्द त्यासाठीच. श्रद्धेच्या दृष्टीने केलेले विधान श्रद्धेच्या नावाने मांडले तर त्याला आपले स्थान आहे. धर्मांच्या तौलनिक अभ्यासात अमेरिकी शाळांना ते शिकविता येते आणि त्याला न्यायालयांनी कधी हरकत घेतलेली नाही. डोव्हरमध्ये मात्र नय झाकून ठेवला होता. श्रद्धेचे विधान विज्ञानाच्या नावे लिहिले होते, आणि ते ज्यांच्यासमोर वाचले त्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना प्रश्न विचारण्याचीही मुभा नव्हती. याला अनेकांत म्हणणे कठीण आहे.

निकालापूर्वीच गावाने आपला कौल दिला. ८ नोव्हेंबर २००५ च्या निवडणुकीत मंडळाच्या आठ जागांसाठी मतदान झाले आणि आठही जागांवर जुने सदस्य पराभूत झाले. २० डिसेंबरला १३९ पानांचे निकालपत्र आले. 'बुद्धिमान रचना' हे विज्ञान नव्हे, ते निर्मितिवादाचेच रूप आहे, आणि सरकारी शाळेच्या विज्ञानवर्गात ते आणणे घटनाबाह्य आहे, असा निर्णय जोन्स यांनी दिला. ते स्वतः रिपब्लिकन पक्षाचे आणि बुश यांनीच नेमलेले. निकालानंतर त्यांना धमक्या आल्या आणि काही काळ संरक्षण घ्यावे लागले.

मंडळाचे वकील फुकट लढले होते, त्यामुळे दाव्याचा खर्च येणार नाही अशी सदस्यांची कल्पना असावी. परंतु नागरी हक्कांच्या दाव्यात हरणाऱ्याला जिंकणाऱ्याच्या वकिलांचे शुल्क द्यावे लागू शकते. ते शुल्क वीस लक्ष डॉलरांहून अधिक निघत होते; तडजोडीत दहा लक्षांवर आले. वरचे अकरा डॉलर म्हणजे अकरा पालकांना प्रत्येकी एक डॉलर नाममात्र नुकसानभरपाई. ठराव केला जुन्या मंडळाने, बिल फेडले नव्याने. नव्या मंडळाने अपील केले नाही. पेनसिल्व्हेनियाच्या त्या भागाबाहेर हा निकाल त्यामुळे बंधनकारक ठरला नाही, तरी अन्य ठिकाणची मंडळे त्यानंतर सावध झाली.

न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया येथे स्थायिक झालेल्या जैन कुटुंबांची मुले अशाच सरकारी शाळांत जातात. त्यांच्या दृष्टीने हा वाद परका नाही. त्यांच्या वर्गात सृष्टिकर्त्याची कथा विज्ञान म्हणून आली, तर ती त्यांच्या आगमांच्या विरुद्ध जाते. जैन दर्शनात सृष्टी अनादिअनंत आहे आणि तिला कोणी कर्ता नाही. नवव्या शतकात आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात सृष्टिकर्त्याच्या कल्पनेची जी चिकित्सा केली आहे, ती आजही तर्काचा नमुना म्हणून वाचावी अशी आहे. कर्ता पूर्ण असेल तर त्याला निर्माण करण्याची इच्छा का व्हावी? अपूर्ण असेल तर त्याच्याकडून हे विश्व कसे घडावे? आणि उपादान नसताना घडविले कशातून?

तथापि यावरून डार्विन आपल्या पंक्तीला बसला, असे मानण्याची घाई करू नये. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतच्या जीवांचा क्रम हाच उत्क्रांतिवाद, असे काही उत्साही व्याख्याते सांगतात. ते बरोबर नाही. तो क्रम कर्मानुसार गती बदलणाऱ्या जीवाचा आहे. त्यात पंचेंद्रिय जीव पुन्हा एकेंद्रियात जाऊ शकतो. उत्क्रांती सांगते ती पिढ्यानुपिढ्या बदलत जाणाऱ्या देहांची आणि प्रजातींची गोष्ट. आरे आणि सागरोपमे यांची कालगणना जीवशास्त्राच्या कालगणनेशी एका तक्त्यात बसत नाही. ती ओढूनताणून बसविली, तर डोव्हरच्या मसुद्यात झाले तेच आपल्या हातून होईल. रविवारच्या पाठशाळेत आगम आणि सोमवारच्या वर्गात डार्विन, अशी दोन खाती वेगळी ठेवणे तेथील पालकांना अधिक सोयीचे आणि अधिक प्रामाणिक आहे. मुलगा दोन्हींविषयी विचारील तेव्हा उत्तर देणे अवघड जाईल, हे खरे.

आपल्याकडे या वादाचे रूप निराळे आहे. जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन औरंगाबाद येथे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी, डार्विनचा सिद्धांत चुकीचा असून तो शाळा-महाविद्यालयांतून बदलला पाहिजे, असे जाहीरपणे म्हटले. देशातील तिन्ही विज्ञान अकादम्यांनी संयुक्त निवेदनाद्वारे त्याचा प्रतिवाद केला आणि मनुष्यबळ विकास मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही अशी विधाने टाळण्यास सांगितले. पुढे २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातील 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या प्रकरणाचे नाव केवळ 'आनुवंशिकता' एवढे उरले. अभ्यासाचा भार हलका करणे हे कारण देण्यात आले. अठराशेहून अधिक वैज्ञानिक, शिक्षक व नागरिकांनी पत्र लिहून निषेध नोंदविला. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय कायम आहे, असे उत्तर मिळाले.

हे उत्तर खरे आहे. परंतु बारावीत जीवशास्त्र घेतो कोण? पेढी सांभाळणाऱ्या घरांतील बहुतेक मुले-मुली दहावीनंतर वाणिज्य शाखेकडे वळतात. त्यांची आणि विज्ञानाच्या पुस्तकाची शेवटची भेट दहावीतच होते. केंद्रीय मंडळाच्या शाळेतून त्या वर्षी बाहेर पडून वाणिज्य शाखेत गेलेल्या मुलाच्या पुस्तकात माणूस कसा उद्भवला हे पान नव्हते, आणि त्याऐवजी दुसरे काही वाचून दाखविले गेले नसल्याने कोणा पालकाला काही कमी झाले आहे हे कळण्याचेही कारण नव्हते. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये मात्र पहिलाच पाठ 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे.