मालगाडीच्या शेवटी लावलेली ही पेटी ब्रेक लावते, पण हुकूम कोणाचा हे विचारत नाही!

दोन-तीन किलोमीटर लांबीची मालगाडी, चालक पुढे इंजिनात आणि शेवटच्या डब्यात कोणीच नाही! अमेरिकेत अशा मालगाड्या रोज धावतात. आपल्याकडच्या गार्डच्या डब्यासारखा डबा पूर्वी तिथेही असायचा. १९८० च्या दशकापासून तो हळूहळू गेला आणि त्याच्या जागी आली एक छोटी पेटी. शेवटच्या वाघिणीला अडकवलेली ही पेटी ब्रेक पाइपमधला हवेचा दाब मोजते आणि रेडिओवरून इंजिनाला कळवते.

हवा सोडली की ब्रेक लागतो

मालगाडीच्या सगळ्या वाघिणींखालून एक सलग पाइप जातो. त्यात दाबाखाली हवा भरलेली असते. चालकाने हवा सोडली की दाब कमी होतो आणि ब्रेक लागतात. गाडी मध्येच तुटली तरी हवा निघून जाते आणि ती आपोआप थांबते.

पण मध्येच पाइप बंद झाला तर? मग अडथळ्याच्या पुढचे ब्रेक लागतात, मागच्या वाघिणींना पत्ताच नसतो.

१९९६ चा अपघात

१ फेब्रुवारी १९९६ रोजी कॅलिफोर्नियातल्या कॅजॉन घाटात नेमकं हेच झालं. उतारावर मालगाडी हाताबाहेर गेली, रुळांवरून घसरली आणि दोन रेल्वे कर्मचाऱ्यांचा जीव गेला. ब्रेक पाइपमध्ये अडथळा असावा, असं तपासात पुढे आलं. मागच्या टोकाने हवा सोडण्याची सोय त्या गाडीवर चालू नव्हती.

त्यानंतर १९९७ मध्ये अमेरिकेत नियम आला. बहुतेक मोठ्या मालगाड्यांवर संदेश पाठवणारी आणि घेणारीही पेटी सक्तीची झाली. आता चालकाने इंजिनातला स्विच दाबला की रेडिओ संदेश जातो, मागची पेटी झडप उघडते आणि मागूनही ब्रेक लागतात.

मग अडचण कुठे आहे?

या संदेशात फक्त एक ताळा असतो. वाटेत संदेश बिघडला का, एवढंच त्यावरून कळतं. तो खरंच त्याच गाडीच्या इंजिनातून आला का, हे पेटी तपासत नाही. म्हणजे योग्य रेडिओ उपकरण असलेला कोणीही खोटा हुकूम पाठवू शकतो.

"ब्रेकच लागेल ना, त्यात काय धोका?" असं वाटेल. पण इतक्या लांब गाडीला अचानक ब्रेक लागला, तर वाघिणी एकमेकींवर आदळून किंवा ओढल्या जाऊन गाडी रुळांवरून घसरू शकते.

एका संशोधकाने ही त्रुटी २०१२ मध्येच सरकारी यंत्रणेच्या कानावर घातली होती. सायबर सुरक्षा संस्था 'सिसा'ने जाहीर इशारा दिला तो थेट जुलै २०२५ मध्ये! जुन्या पेट्यांवर सॉफ्टवेअर बदलून भागत नाही, हजारो पेट्या आणि त्यांची रेडिओ पद्धतच बदलावी लागते.

बंद पडलेल्या पाइपवर उपाय म्हणून आलेली ही पेटी आजही जीव वाचवते. आता फक्त तिला आपला चालक ओळखायला शिकवायचं आहे.