आधी कृपा: केडगावचं मुक्तिसदन

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची तारीख कोणती, असं विचारलं तर बहुतेक जण २९ सप्टेंबर १८८३ सांगतील. इंग्लंडमधल्या वाँटेज गावी त्या दिवशी त्यांनी आपल्या छोट्या मुलीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला आणि इकडे पुण्यात खळबळ उडाली. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची मुलगी, कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं ती, ख्रिस्ती झाली! महाराष्ट्र त्यानंतर कित्येक वर्षं हीच गोष्ट उगाळत बसला. खुद्द रमाबाईंचा हिशेब मात्र वेगळा होता. १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला पुढे आठेक वर्षं जावी लागली.

रमाबाईंची चरित्रं वाचताना ही आठ वर्षं आपण भराभर ओलांडतो. त्यांची विद्वत्ता, त्यांचं धाडस, पुण्यातले वाद यांवर आपण रमतो, कारण ते आपल्या ओळखीचं असतं. पण पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावात त्यांनी जी संस्था उभी केली, तिचा पाया या दुसऱ्या, गाजावाजा न झालेल्या घटनेत आहे. मुक्तिसदन म्हणजे दुष्काळातलं अनाथालय एवढंच धरून चाललं, तर तिथे माणसं कशाने बदलली याचा उलगडाच होत नाही.

याची सुरुवात फुलहॅमला झाली. लंडनच्या त्या भागात वाँटेजच्या ख्रिस्ती जोगिणी (नन) एक आश्रयगृह चालवत. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रिया तिथे राहत. रमाबाई ते पाहायला गेल्या आणि थक्क झाल्या. अशा स्त्रियांना शिक्षा करायची, गावाबाहेर काढायचं, त्यांची सावली टाळायची, हेच त्यांनी लहानपणापासून शास्त्रांत वाचलं आणि लोकांत पाहिलं होतं. इथे त्या स्त्रिया काम करत होत्या, शिकत होत्या आणि त्यांच्याशी कुणी घृणेने बोलत नव्हतं. हे कशामुळे, असं त्यांनी एका जोगिणीला विचारलं. तिने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढून वाचून दाखवला. त्यात येशू विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीशी बोलतो. पाच नवरे झालेली, आताचा पुरुष नवरा नसलेली ती बाई. येशू आधी तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. तिच्या आयुष्याचा विषय मागाहून निघतो. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी जवळीक, मग सत्य. तिला लाजवून कबुली घेतली जात नाही. आपल्याला कुणी दूर लोटत नाही हे दिसल्यावर ती मोकळी होते.

रमाबाईंना ते पटलं, पण बुद्धीने. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात संस्कृत शिकवताना प्राचार्या डोरोथिया बील आणि वाँटेजच्या जोगिणी यांच्याशी त्यांचा पत्रांतून कडाक्याचा वाद चालला होता. त्रैक्य म्हणजे काय, चर्चचा अधिकार कुठवर मानायचा, बायबलमध्ये नसलेली गोष्ट मी का स्वीकारू? आपलं मन कुणाच्या हाती देणाऱ्या त्या नव्हत्या आणि शेवटपर्यंत तशाच राहिल्या. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या डॉक्टरकीच्या पदवीदानाला त्या फिलाडेल्फियाला गेल्या. अमेरिकेत व्याख्यानं देऊन त्यांनी मदत उभी केली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. काम उत्तम चाललं होतं. आत मात्र कसली तरी उणीव होती, असं त्या लिहितात.

याच काळात त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मकथन आलं. हॅस्लम कॉर्नवॉलमधल्या बाल्डू गावचा पाळक होता. १८५१ साली एका रविवारी प्रवचन करता करताच त्याच्या ध्यानात आलं की आपण लोकांना जे सांगतो आहोत ते आपल्यालाच अजून लाभलेलं नाही, आणि त्याच क्षणी, त्याच व्यासपीठावर त्याचं परिवर्तन झालं. रमाबाईंनी त्यात स्वतःला ओळखलं. आपणही विधी केले, मतं तपासली, चांगली कामं केली. पण तारण आपल्या कमाईने मिळेल ही जुनी समजूत आतून गेलेलीच नाही. लहानपणी आईवडिलांबरोबर एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाकडे पायी हिंडताना पुण्य साठवायचं होतं, आता सत्कर्मं साठवायची होती. त्यांचा पश्चात्ताप होता तो या साठवण्याबद्दल. आपल्यापाशी देवाला द्यायला काहीही नाही आणि तरी त्याने आपल्याला स्वीकारलं आहे, हे त्यांनी मान्य केलं. त्या सांगतात, तेव्हा त्यांना असा आनंद झाला की तो त्यांच्याच्याने लपवेना.

तो लपला नाहीच. शारदासदनात धर्मशिक्षण द्यायचं नाही असं ठरलेलं होतं. रमाबाईंनी कुणाला शिकवायला बसवलं नाही, पण त्यांच्या खोलीत प्रार्थना चाले, दार उघडं असे आणि मुली आपण होऊन येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून वादळ उठलं. ‘केसरी’ने झोड उठवली, समाजसुधारक रानडे आणि भांडारकर यांनी सदनाचं सल्लागार मंडळ सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या. त्याच वर्षी सदनाची एक विद्यार्थिनी गोदूबाई हिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. हीच पुढची आनंदीबाई कर्वे. ती हिंदूच राहिली आणि सदनाबद्दल कृतज्ञही राहिली. रमाबाईंच्या दाराविषयी बोलताना हा दाखला विसरू नये.

मग दुष्काळ आला. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतातल्या बातम्या वाचून रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. दुष्काळ काय असतो हे त्यांना वाचून समजून घ्यावं लागत नव्हतं. १८७४ च्या दुष्काळात त्यांचे आईवडील उपासमारीने काही आठवड्यांच्या अंतराने गेले होते, पाठोपाठ थोरली बहीण गेली होती आणि झाडपाल्यावर दिवस काढत त्या भावाबरोबर चालत राहिल्या होत्या. मध्य प्रांतातून त्यांनी तीनेकशे मुली आणि स्त्रिया आणल्या. पुण्यात प्लेगमुळे इतक्या जणींना ठेवता येईना, तेव्हा केडगावला फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर झोपड्या उठल्या. तंबू, विहिरी, मग दगडी इमारती. २४ सप्टेंबर १८९८ रोजी मुक्तिसदन रीतसर देवाला अर्पण झालं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसांना रोज जेवू घालायचं म्हणजे काय, हे डोळ्यांपुढे आणून पाहावं. शेती, दूधदुभतं, तेलाचा घाणा, हातमाग, शिवणकाम, छापखाना. सगळी कामं बायकांकडे. ज्या प्रदेशात विधवेने चूल आणि कोपरा सोडायचा नाही, तिथे या मुली नांगर धरत होत्या आणि छापखान्यात खिळे जुळवत होत्या. अंध स्त्रियांसाठी बार्तीमी सदन निघालं. मनोरमाबाईंनी त्यांना ब्रेल शिकवलं.

आणि कृपासदन. दुष्काळाच्या वाटेवर ज्या मुली विकल्या गेल्या, ज्यांना वापरून टाकून दिलं गेलं, त्यांच्यासाठी हे घर होतं. फुलहॅमला पाहिलेलं आश्रयगृह रमाबाईंनी भीमेच्या खोऱ्यातल्या या कोरड्या माळावर आणलं. इथे यायला कुणाची शिफारस लागत नव्हती, आधी सुधारून दाखवण्याची अट नव्हती. पोटात अन्न, अंगावर कपडा, जखमांना औषध, आणि मग हळूहळू बाकीचं.

इथे एक प्रश्न टाळता येत नाही. विकल्या गेलेल्या मुलीने पश्चात्ताप करायचा तो कशाचा? पाप तर तिच्याविरुद्ध झालेलं. शिवाय उपाशी मुलीने दिलेल्या होकाराला कितीसं स्वातंत्र्य असतं, हाही आक्षेप जुना आहे आणि तो रास्त आहे. आश्रय देणारा आणि घेणारा यांच्यात बरोबरी नसते. मला मुक्तिसदनाच्या इतिहासातली १९०५ ची घटना या संदर्भात फार बोलकी वाटते.

वेल्समध्ये १९०४ साली झालेल्या आध्यात्मिक जागृतीच्या बातम्या केडगावला पोचल्या होत्या. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी रोजच्या विशेष प्रार्थनेसाठी हाक दिली. सत्तरेक जणी पुढे आल्या. जूनपर्यंत पाचशेहून अधिक जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या. ३० जूनला रमाबाई नेहमीच्या शांत सुरात योहानाचा आठवा अध्याय समजावून देत होत्या. व्यभिचारात धरून आणलेली ती स्त्री, जिच्यावर कुणालाच पहिला दगड टाकता आला नाही, तिची गोष्ट याच अध्यायाच्या आरंभी आहे. मुली रडू लागल्या, मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या, इतक्या की रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं. पुढचे काही आठवडे वर्ग आणि कामं बाजूला पडली. पापांच्या कबुल्या, रडणं, मग क्षमा मिळाल्याचा आनंद आणि गाणं, असं चालू राहिलं. तिथल्या अमेरिकन सहकारी मिनी अब्राम्स यांनी त्यावर १९०६ मध्ये पुस्तिका लिहिली. तिची एक प्रत चिलीतल्या त्यांच्या मैत्रिणीकडे गेली आणि तिथल्या पेंटेकॉस्टल चळवळीचं एक बीज त्यातून पडलं. केडगावच्या अनाथ मुलींची प्रार्थना दक्षिण अमेरिकेपर्यंत पोचली, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी कुणाला ठाऊक नाही याचं मला वाईट वाटतं.

त्या मुली ज्याच्यासाठी रडल्या तो भार दुसऱ्यांनी त्यांच्यावर केलेल्या अत्याचाराचा होता असं मानलं, तर ते क्रूर ठरेल. ख्रिस्ती शिकवणीत सोसणाऱ्याला सोसल्याचा दोष लागत नाही. पश्चात्ताप करायचा तो आपल्या स्वतःच्या हातून घडलेल्याचा, मनातल्या द्वेषाचा, खोटेपणाचा. मला वाटतं, इथेच त्या मुलींना काही परत मिळालं. तोवर त्यांच्या बाबतीत सगळं ‘झालं’ होतं: लग्न झालं, वैधव्य आलं, विकल्या गेल्या, उचलून आणल्या गेल्या. ‘हे मी केलं’ असं म्हणणारी मुलगी पहिल्यांदा आपल्या आयुष्याची कर्ती होते, आणि ‘मला क्षमा मिळाली’ म्हणणारीला पुढचा दिवस उरतो. मात्र ही कबुली तिच्याकडून जेवणाच्या बदल्यात मागता येत नाही. म्हणून घर आधी असावं लागतं. मुक्तिसदनात बहुतेक जणींच्या बाबतीत घर आणि कबुली यांमध्ये पाच-सात वर्षं गेलेली होती.

नंतर याच मुलींचे प्रार्थना-संघ आसपासच्या गावांत जाऊ लागले. रमाबाई मात्र आपला बराचसा वेळ एका टेबलापाशी घालवू लागल्या. मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातल्या बाईला ती कळत नाही, असं त्यांचं मत होतं. संस्कृतात ज्यांनी नाव कमावलं त्याच हे म्हणत होत्या! त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांवरून सगळं बायबल साध्या मराठीत आणायला घेतलं. कान अधू झालेले, प्रकृती खालावलेली. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. संस्था जिच्या हाती सोपवायची, तीच. रमाबाईंनी काम थांबवलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं. शेवटची मुद्रितं तपासूनच त्यांनी डोळे मिटले असं सांगतात.

आजही केडगावच्या आवारात निराधार स्त्रिया आणि मुलं राहतात, शाळा आणि दवाखाना चालतो. रमाबाईंचं ते मराठी बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं. त्याचे खिळे मुक्तिसदनाच्या छापखान्यातल्या बायकांनी जुळवले होते. केडगावला येण्याआधी त्यांच्यातल्या बहुतेकींना अक्षरओळखही नव्हती.