सूर्यमालेच्या जन्माचा हिशेब

विरळ वायूचा एक अफाट ढग आकसत गेला, फिरता फिरता चपटा झाला, मधोमध सूर्य उरला आणि भोवतालच्या द्रव्याचे ग्रह झाले. कांटने १७५५ मध्ये व लाप्लासने १७९६ मध्ये मांडलेली ही तेजोमेघाची उपपत्ती शंभर वर्षे विद्वन्मान्य होती. पण एक हिशेब जुळेना. गिरकी घेताना पसरलेले हात अंगाशी आणले की वेग वाढतो, हे आपण जाणतोच. मग आकसलेला सूर्य गरगर फिरायला हवा. तो तर एका फेरीला सुमारे पंचवीस दिवस लावतो! सूर्यमालेचे शेकडा ९९ हून अधिक द्रव्य त्याच्यापाशी, पण फिरण्याचा संवेग शेकडा एकही नाही. तो सारा ग्रहांच्या पदरी.

म्हणून जीन्सने दुसरा तारा आणला. तो जवळून गेला, सूर्यावर प्रचंड भरती आली आणि उपसलेल्या वायूचे ग्रह बनले. कल्पना नाट्यपूर्ण खरी. परंतु ती मानली तर आपल्या पृथ्वीसारखे ग्रह विश्वात जवळजवळ नसावेतच. स्पिट्झरने १९३९ मध्ये दाखवले की, असा तप्त वायू गोळा होण्याऐवजी विखरून जाईल.

शास्त्रज्ञ पुन्हा ढगाकडे वळले. तरुण सूर्याचा वेग त्याच्या चुंबकीय क्षेत्राने व त्याच्यातून वाहणाऱ्या वायूने ओढून नेला, असे आता मानतात. उल्कापाषाणांतील किरणोत्सर्गी द्रव्ये या घटनेचा काळ सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वीचा सांगतात. आणि २०१४ मध्ये चिलीतील आल्मा दुर्बिणीने वृषभ राशीतील एका कोवळ्या ताऱ्याभोवती धुळीची तशीच तबकडी टिपली. तीत काळ्या वर्तुळांच्या खाचाही स्पष्ट दिसतात.