बिऱ्हाड चाकांवर, कुत्रा सोबतीला

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, तिवसा तालुक्यात, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1935 साली ज्या आश्रमाची स्थापना केली तो गुरुकुंज, आणि ज्या मोझरीचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले ते गाव, यांपासून समुद्र पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. कापूस, तूर आणि संत्री यांच्या या मुलखात एखाद्या कुटुंबाने कोकण पाहण्याचा बेत केला, की मुक्काम, शिधा, लेकरांच्या सुट्या यांची तजवीज होते, परंतु अंगणातल्या कुत्र्याचे काय करायचे हा प्रश्न शेवटपर्यंत तसाच राहतो; कारण आगगाडीत त्याला पहिल्या वर्गाच्या स्वतंत्र कूपेमध्ये नाही तर गार्डाच्या डब्यातील पिंजऱ्यात जागा मिळते, बहुतेक लॉज त्याला दारातच अडवतात, आणि शेजाऱ्याच्या भरवशावर ठेवलेले मुके जनावर आठ-आठ दिवस फाटकाकडे डोळे लावून बसते.

या अडचणीवर कॅराव्हॅन हा उपाय आहे. निजण्याच्या फळ्या, लहानसा ओटा, पाण्याची टाकी आणि शौचकूप एवढा सरंजाम जिच्यात बसवलेला असतो अशी ही गाडी. काही स्वतःच्या इंजिनावर चालतात, काही दुसऱ्या गाडीमागे जोडून ओढल्या जातात. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. त्यात अशा गाड्यांबरोबरच त्या जिथे उभ्या राहतील, जिथे वीज, पाणी आणि सांडपाण्याचा निचरा मिळेल, अशा वाहनतळांचाही विचार आहे. अर्थात धोरण मंजूर होणे निराळे आणि गावोगावी तळ उभे राहणे निराळे. म्हणून आज तरी एखाद्या वाडीच्या मालकाची रीतसर परवानगी घेऊन, त्याच्या नारळी-पोफळीच्या कडेला मुक्काम करणे हीच खरी वाट आहे.

बिऱ्हाड आणि कुत्रा बरोबर घेऊन कोकणात उतरणे ही महाराष्ट्राला मुळीच नवी गोष्ट नाही. माण, खटाव, फलटण या कोरड्या भागांतले धनगर दिवाळी सरली की मेंढरे, घोड्यांच्या पाठीवर लादलेला संसार, बायकापोरे आणि राखणीची कुत्री यांसह घाट उतरतात, भाताच्या मोकळ्या खाचरांत मेंढरे बसवून जमिनीला खत देतात, आणि त्या मोबदल्यात धान्य घेतात. परमुलखात वावरण्याची त्यांची रीत आपण शिकण्यासारखी आहे: मालकाला विचारल्यावाचून ते कोणाच्या शेतात उतरत नाहीत, आणि जिथे उतरतात तिथे जमिनीला काही देऊन जातात.

आता किनाऱ्याविषयी. महाराष्ट्राचा सुमारे 720 किलोमीटरांचा हा किनारा खाड्यांनी ठिकठिकाणी तोडलेला असल्यामुळे, मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांच्या काळी ज्याची कल्पना पुढे आली तो रेवस ते रेडी सागरी मार्ग अजूनही अखंड झालेला नाही, आणि काही मोठ्या खाड्यांवर गाड्या पलीकडे नेण्याचे काम फेरीबोटीच, म्हणजे तिकडच्या बोलीत जंगलजेटी, करतात. दाभोळ ते धोपावे ही सेवा 2003 पासून आहे. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, तवसाळ–जयगड या तिच्याच बहिणी. लांब शेपटीची गाडी या बोटीत चढवताना भरती-ओहोटीची वेळ अवश्य विचारावी. पाणी उतरले म्हणजे धक्क्याचा उतार आणि बोटीची लोखंडी झडप यांच्यातला कोन वाढतो, आणि गाडीचा मागचा भाग खाली घासण्याची भीती असते. झडपेवर चाके चढली की जो खणखणाट होतो त्याने धीट कुत्राही बिथरतो. म्हणून घरातल्या ज्या माणसाचे तो ऐकतो, त्याने पट्टा हातात धरून त्याच्याजवळ बसावे. आणि पुळणीवर गाडी घालण्याचा मोह कोणी करू नये, कारण ओली वाळू वरून घट्ट दिसली तरी चाक रुतले की भरती कोणासाठी थांबत नाही.

वऱ्हाडी उन्हाला सरावलेल्या कुत्र्यालाही कोकणातली दमट हवा जड जाते. तो जीभ बाहेर काढून धापा टाकत अंगातली उष्णता घालवतो, आणि हवा ओलसर असली म्हणजे ती क्रिया मंदावते. बंद गाडीत त्याला घटकाभरही ठेवू नये. खारे पाणी प्याला तर उलट्या-जुलाब होतात, तेव्हा गोड पाण्याचे भांडे सदैव जवळ असावे. जांभ्या दगडांच्या सड्यावर फुरशांचा वावर असतो, आणि दगडाखाली नाक खुपसण्याची कुत्र्याची खोड तिथे त्याच्या जिवावर बेतू शकते. रेबीजची लस टोचल्याचा दाखला इतर दस्तऐवजांबरोबर ठेवावा, आणि लेप्टोस्पायरोसिसच्या लशीबद्दल निघण्यापूर्वीच पशुवैद्याला विचारावे.

बाणकोटच्या खाडीजवळचे वेळास हे गाव या प्रवासात विशेष जपण्याचे आहे. तेथे सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांच्या साह्याने 2002 पासून समुद्री कासवांच्या रक्षणाचे काम उभे केले. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री पुळणीवर येते, हातभर खोल खड्डा करून त्यात शंभरेक अंडी घालते, वाळूने तो बुजवते आणि परत जाते; त्या अंड्यांचा वास कोल्ह्या-कुत्र्यांना लागला तर सकाळपर्यंत नुसती टरफले उरतात. म्हणून गावकरी पहाटेच पावलांचा माग काढून अंडी कुंपणाच्या आत नेऊन पुरतात. आपला लाडका कुत्रा घरी कितीही सुशील असला, तरी त्याचे नाक त्या वाळूत निराळा विचार करते.

तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेच्या 41 अध्यायांत ग्रामशुद्धीला स्वतंत्र स्थान दिले. त्यांच्या मुलखातून निघालेल्या गाडीने कुत्र्याची घाण, टाकीतले सांडपाणी किंवा खरकटे कोणाच्या पऱ्ह्यात किंवा पुळणीवर टाकून यावे, ही गोष्ट मला असह्य वाटते. फावडे, राखेची पिशवी आणि झाकणाची बादली गाडीत असू द्या. मार्गशीर्ष ते फाल्गुन हा निघण्याचा उत्तम काळ. पण कासवांचाही काळ तोच आहे. तेव्हा वेळासला पोहोचाल त्या दिवशी कुत्रा वाडीतच बांधून ठेवा, घरातले एक माणूस त्याच्याजवळ थांबवा, आणि बाकीच्यांनी पाळीपाळीने किनाऱ्यावर जावे.