हाडगिल्याचं डोहाळजेवण
आसामच्या बायकांनी एक नकोसा पक्षी कसा वाचवला आणि त्यातून आपल्या गटांना काय घेता येईल

मैत्रिणींनो, डोहाळजेवण आपण लेकीचं करतो, सुनेचं करतो. आसाममध्ये कामरूप जिल्ह्यात दादरा, पाचरिया, सिंगिमारी अशी गावं आहेत. तिथल्या बायका चक्क एका पक्ष्याचं डोहाळजेवण करतात! विणीचा हंगाम आला की सगळ्या जमतात, गाणी म्हणतात आणि पोटुशी बाईसाठी करतात तसाच विधी घरट्यात बसलेल्या मादीसाठी करतात. त्या पक्ष्याचं नाव हाडगिला. अर्थ आपल्यालाही कळेल असाच आहे, हाड गिळणारा.

हाडगिला करकोच्याच्या जातीचा, पण फार मोठा. उंची जवळजवळ पाच फूट, आणि पंख पसरले की आठ फूट. डोकं-मान उघडी, गळ्याला लोंबती पिशवी. मेलेली जनावरं, हाडं, मासे, उकिरड्यावरची घाण असं सगळं खातो. म्हणजे गिधाडासारखं साफसफाईचं काम करतो. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कलकत्ता शहरात हे पक्षी इतके होते की तिथल्या महापालिकेच्या बोधचिन्हावरही त्यांना जागा मिळाली. पुढे पाणथळ जागा बुजल्या, मोठी झाडं तुटली, आणि जगात हा पक्षी मुख्यतः आसाम, बिहारचा भागलपूर भाग आणि कंबोडिया एवढ्यातच उरला.

लोकांना नको का होता?

हाडगिला घरटं बांधतो ते उंच झाडावर. आसाममध्ये अशी झाडं बहुतेक लोकांच्या परसात आहेत. आता विचार करा, आपल्या अंगणातल्या झाडावर दहा-बारा घरटी आहेत. खाली विष्ठा पडते, सडक्या मांसाचे तुकडे पडतात, वास घरात येतो. वाळत घातलेले कपडे खराब होतात. हे सगळं निस्तरायचं कुणी? घरच्या बाईनेच. त्यात हा पक्षी अपशकुनी, रोगराई आणणारा, अशीही समजूत होती. मग लोक झाडच तोडून टाकायचे.

२००७ साली पूर्णिमादेवी बर्मन या पक्ष्याचा अभ्यास करत होत्या. एका घरमालकाने घरट्यांसकट झाड तोडलं, पिल्लं खाली पडली. त्या पिल्लांना वाचवायला गेल्या तर लोकांनी त्यांचीच चेष्टा केली. आपण इथे अभ्यास करत बसलो तर तो पूर्ण होईपर्यंत पक्षी उरणार नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पीएच.डी.चं काम बाजूला ठेवलं आणि गावात काम सुरू केलं.

मग बायका कशा जोडल्या गेल्या?

पक्ष्यावर भाषण ठेवलं असतं तर किती जणी आल्या असत्या? कामधंदा सोडून असल्या सभेला कोण येणार, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. पूर्णिमादेवींनी पदार्थ बनवण्याच्या स्पर्धा ठेवल्या. त्या निमित्ताने बायका घराबाहेर पडल्या, आणि गप्पांमध्ये हाडगिल्याचा विषय निघाला. तो काय खातो, त्यामुळे गावाचं काय भलं होतं, पिल्लं किती नाजूक असतात, हे हळूहळू कळत गेलं. डोहाळजेवणाची कल्पना इथेच कामी आली. पोटात जीव असलेल्या मादीचं झाड तोडायचं कसं, हे बाईला वेगळं शिकवावं लागत नाही.

दुसरी गोष्ट कमाईची. आसाममध्ये घरोघरी विणकाम चालतं. गटांतल्या बायकांना हातमाग आणि सूत मिळालं. त्या हाडगिल्याचं चित्र असलेली वस्त्रं, साड्या, गामोसे म्हणजे तिकडचे मानाचे उपरणे विणून विकू लागल्या. ज्या पक्ष्यामुळे अंगण घाण होत होतं, तोच पदरावर आला आणि त्यातून चार पैसे घरात आले. घरात बाईच्या शब्दाला वजन आलं. मग झाड ठेवायचं की पाडायचं, या प्रश्नावर तीही बोलू लागली.

तिसरी गोष्ट मानाची. आपल्या झाडावर घरटं आहे म्हणजे आपण पक्ष्याचे पालक, असं लोकांना वाटू लागलं. घरट्यांच्या झाडांखाली जाळ्या बांधल्या, म्हणजे पडलेलं पिल्लू वाचतं. शाळेतल्या मुलांना खेळांतून पक्षी शिकवला. आणि एकदा पोर घरी जाऊन बापाला म्हणालं, "झाड तोडू नका", की निम्मं काम होतं.

फळ काय मिळालं?

या बायकांना आज 'हाडगिला आर्मी' म्हणतात. त्यांची संख्या दहा हजारांच्या वर आहे. काम सुरू झालं तेव्हा या तीन गावांत २८ घरटी होती. २०२२ पर्यंत ती २५० च्या वर गेली. त्यांनी घरट्यांच्या झाडांजवळ आणि पाणथळीत ४५ हजार रोपं लावली, म्हणजे पुढच्या पिढ्यांच्या पक्ष्यांनाही झाड मिळेल. २०२२ साली पूर्णिमादेवींना संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' हा पर्यावरण पुरस्कार मिळाला. २०२३ मध्ये जागतिक यादीत हाडगिला 'संकटग्रस्त' वर्गातून बाहेर येऊन त्याहून कमी धोक्याच्या वर्गात गेला. वास आजही येतो, घाण आजही पडते. पण झाडं उभी आहेत.

आपल्या गावात काय करता येईल?

हाडगिला आपल्याकडे नाही, पण प्रश्न तोच आहे. पावसाळ्यात बगळे, वंचक आपल्या चिंचेवर, वडावर वसाहत करतात. भिगवणजवळ भादलवाडीच्या तलावात चित्रबलाक घरटी करतात. खाली घाण पडते म्हणून फांद्या छाटायची मागणी होते, आणि छाटणी नेमकी पिल्लं असताना होते. हेच गायबगळे नांगरामागे फिरून शेतातले किडे टिपतात, हे मात्र आपण विसरतो.

पुढच्या बैठकीत एवढं करून बघा:

१. गावात कुठल्या झाडावर कुठल्या पक्ष्याची घरटी असतात आणि कोणत्या महिन्यात, याची यादी इतिवृत्तात लिहा. म्हाताऱ्या बायकांना विचारा, त्यांना खूप माहीत असतं.

२. ही यादी ग्रामपंचायतीला द्या. छाटणी करायचीच असेल तर पिल्लं उडून गेल्यावर करा, असा ठराव ग्रामसभेत मांडा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे संरक्षित पक्ष्यांची अंडी, घरटी मोडणं हा गुन्हा आहे.

३. ज्या घराच्या दारात झाड आहे, त्या ताईला एकटं पाडू नका. तिचं अंगण झाडायला आठवड्यातून एक दिवस गटाने हात लावा. त्रास ती सोसते, फायदा गावाला होतो.

४. पिल्लू पडलं, पक्षी जखमी झाला, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

५. गोधडी, पिशव्या, भरतकाम करणाऱ्या गटांनी आपल्या गावचा पक्षी त्यावर काढून बघावा. प्रदर्शनात गिऱ्हाईक थांबून विचारतं, "हा कुठला पक्षी?" सांगायला आपल्याकडे गोष्ट असते, आणि गोष्ट असलेली वस्तू चटकन नजरेत भरते.

यातल्या तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करा. त्याला पैसा लागत नाही, खराटे लागतात आणि ते आपल्या घरात आहेतच.