कर्ज फेडण्याआधी

न्हाणीघरातही हातातून न सुटणारा भ्रमणध्वनी, बँकेच्या पत्रांसाठी परस्पर बदललेला पत्ता, ‘मित्राला हातउसने दिले’ म्हणून नाहीशी झालेली भिशीची रक्कम. अशा खुणा जुळू लागल्या की आपल्या मनात प्रथम येतो तो परस्त्रीचा संशय. जुगाराचे नाव बहुधा सर्वांत शेवटी सुचते. दारूला वास असतो, पाऊल अडखळते. जुगाराची अशी कोणतीच खूण अंगावर दिसत नाही. मटक्याच्या दिवसांत निदान अड्ड्यावर जावे लागे आणि कोणी पाहिले तर चार घरे ओलांडून बातमी आपल्या दारी येई. आता अड्डा खिशात असतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला, हे योग्यच झाले. मात्र ज्याला ओढ लागलेली आहे तो चोरवाटा शोधतो.

ही वाईट सवय की आजार, असा वाद घरात होतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली जुगाराला मादक द्रव्यांच्या व्यसनांच्या वर्गात आणले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणातही त्याला व्यसनाधीन वर्तनांत स्थान आहे. केव्हा मिळेल हे ठाऊक नसलेले बक्षीस मेंदूला नेहमीच्या बक्षिसापेक्षा अधिक खिळवून ठेवते आणि थोडक्यात हुकलेला डावही जिंकल्यासारखीच चेतना देतो. ‘गेलेले परत मिळवतो आणि मग थांबतो’ हे वाक्य आपल्याला युक्तिवाद वाटते. डॉक्टरांच्या दृष्टीने ते लक्षण आहे. अमेरिकन निकषांत अशी नऊ लक्षणे दिली आहेत. त्यांत जुगार लपवण्यासाठी खोटे बोलणे आहे, तसेच जुगाराने ओढवलेल्या अडचणीतून सुटण्यासाठी इतरांच्या पैशांवर विसंबणे हेही आहे.

या शेवटच्या लक्षणापाशी थांबायला हवे, कारण तेथेच आपली माया आजाराच्या कामी येते. गुपित उघड झाले की घर काय करते? पत्नी बांगड्या मोडते, सासरे मुदतठेव मोडतात, पती मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो. त्या क्षणी तो खोटे बोलत नसतो. पण त्याने सांगितलेला आकडा बहुधा अपुरा असतो. लाजेने एखादे कर्ज मागे राहिलेले असते. ते फेडण्याचा एकच मार्ग त्याला ठाऊक असतो. शिवाय जुने कर्ज एकदम फिटले की पतपेढीचे आणि कर्ज देणाऱ्या ॲपचे दार पुन्हा उघडते. म्हणून उपचार सुरू होऊन पूर्ण हिशेब समोर येईपर्यंत एकरकमी कर्ज फेडू नये. देणे बुडवावे असे नव्हे. ते त्याच्या पगारातून, हप्त्याहप्त्याने, त्यालाच फेडू द्यावे. हे सांगणे सोपे आहे आणि वसुलीचे फोन दिवसाला दहादा येत असताना पाळणे फार कठीण, हेही मान्य करायला हवे.

हिशेबासाठी दोघांनी मिळून पतअहवाल काढावा; सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून तो वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. नातलगांचे हातउसने त्यात येत नाही, ते त्याच्याकडूनच लिहून घ्यावे. घरखर्च आपल्या स्वतंत्र खात्यातून चालवावा. कोणत्याही नव्या कर्जावर सहकर्जदार वा जामीन म्हणून सही करू नये. स्त्रीधन कायद्याने आपले आहे. स्वतःलाच हरलेल्या पतीला दुसऱ्या कोणाला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय, हा द्रौपदीचा प्रश्न आजच्या सुवर्णतारण कर्जालाही लागू पडतो.

एक गोष्ट मात्र पैशांच्या आधीची. गुपित फुटल्यानंतरचे काही दिवस जिवाला धोक्याचे असतात. जुगाराच्या व्यसनात आत्महत्येचा धोका वाढतो. ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ असे शांतपणे, स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उत्तर होय असेल तर त्याला एकटे सोडू नये. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते. पुढील उपचारांसाठी जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग गाठावा. विचार आणि वर्तन बदलणारी समुपदेशन पद्धत या व्यसनात उपयोगी पडते. सोबत नैराश्य वा मद्यपान असल्यास त्यावरही औषधोपचार करावे लागतात.

राहिला आपला विश्वास. पैसा कधीतरी भरून निघेल. पण ‘इतकी वर्षे मी कोणाबरोबर राहत होते?’ हा प्रश्न रात्री जागवतो. म्हणून समुपदेशकाकडे आपणही जावे, त्याच्यासाठी नव्हे, स्वतःसाठी. दिवसातून वीसदा फोन तपासण्यात आपलीच झोप जाते. त्याऐवजी रविवारी सकाळी अर्धा तास ठरवावा; वही, बँकेचे विवरण आणि दोघे समोरासमोर. एखाद्या रविवारी तो आपणहून सांगेल की बुधवारी पाचशे रुपये लावले. राग येईल, तो यावाच. पाचशे रुपये खर्चाच्या बाजूला लिहावेत, आणि शेजारी हेही लिहावे की या वेळी विचारावे लागले नाही.